नटबोल्टने निघेल तेवढंच

रबाळे एमआयडीसीत ज्याच्या दारात काटा आहे, त्याला वर्षातून एकदा माझं तोंड बघावं लागतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यायची, असा वैधमापनाचा नियम आहे. दुरुस्तीचा परवाना माझा, शिक्का सरकारी निरीक्षकाचा. पण काटा बरोबर दाखवतोय का हे बघायला प्रमाण वजनं लागतात, आणि २० किलोचं बिडाचं वजन खांद्यावर टाकून कोणी लोकलने येत नाही. त्यासाठी माझ्याकडे ईको आहे. पांढरी, पिवळ्या पाटीची, मागे सीट नसलेली, माल वाहायची.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला कारखाने आणि खाडीकडच्या अंगाला वस्ती, अशी आमच्या रबाळ्याची साधारण मांडणी. दोन्हीकडे छोट्या गाड्यांचा सुळसुळाट. एसीवाले, लिफ्टवाले, अग्निशामक नळकांडी भरणारे, पाण्याचे जार टाकणारे, कारखान्यांना जेवण पुरवणाऱ्या मावश्या. सगळ्यांची गाडी जवळपास तीच, पण आत डोकावलं तर प्रत्येकाचा संसार वेगळा. कोणी स्लॉटेड अँगलची मांडणी केलीय, कोणी सनमायका लावलेलं कपाट बसवलंय, कोणी नुसत्या क्रेटवर क्रेट रचलेत. बहुतेकांनी हे काम स्वतः नाहीतर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून केलेलं असतं, आणि बहुतेकांनी ते करण्याआधी गाडीचं वजन केलेलं नसतं. काटेवाला असल्यामुळे मला हेच आधी खटकतं.

या गाड्यांचं मूळ जुनं आहे. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, तिला ओम्नी हे नाव १९८८मध्ये मिळालं आणि २०१९पर्यंत ती बनत राहिली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, मागे पाटे, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, आणि हिंदी सिनेमात हमखास अपहरणाची गाडी! ईको २०१०च्या जानेवारीत आली. मधल्या काळात, २००५मध्ये टाटांनी एस काढली. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन असलेला तो छोटा हाथी गल्लीबोळात शिरला आणि तीनचाकी टेम्पोवाल्यांना चौथं चाक परवडू लागलं. ओम्नी आणि ईको या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली. मे महिन्यात बूड भाजतं हे खरं, पण सीट उचलली की पावसातही गाडीच्या आत बसून एअर फिल्टर बदलता येतो. घरच्या घरी हात काळे करणाऱ्याला ही सोय फार मोलाची.

आता वजन. आरसीवर दोन आकडे असतात. एक गाडीचं रिकामं वजन, दुसरं भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं, तेवढाच भार गाडीवर घालता येतो. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरत नाहीत. म्हणजे तुम्ही स्वतः, तुमचा पोऱ्या आणि त्याचा डबा हे सगळं भारातच मोजायचं. माझा हिशेब सांगतो. २० किलोची १२ वजनं म्हणजे २४०. मी ७२, सोबतचा मुलगा ५८. हत्यारं आणि जॅक ३५. तळाचं प्लाय १६, फडताळ २२. झाले ४४३ किलो, आणि अजून गिऱ्हाइकाचा काटा गाडीत चढलेलाही नाही. १२ मिलिमीटरचं आठ बाय चारचं प्लाय २२ ते २५ किलो भरतं, १८ मिलिमीटरचं ३५च्या आसपास. सुतार ‘दादा, मजबूत करू या’ म्हणत जाड प्लाय ठोकतो, तेव्हा तो तुमचा रोजचा माल तेवढा कमी करत असतो. शिवाय ती भरती रिकाम्या फेरीलाही सोबत येते आणि तिचं पेट्रोल तुम्हीच भरता.

म्हणून फडताळ करण्याआधी गाडी धर्मकाट्यावर न्यावी. नुसती एकदा नाही, तीनदा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. गाडी सपाट उभी हवी, इंजिन बंद आणि हँडब्रेक सोडलेला. पुढचं अधिक मागचं म्हणजे जवळपास एकूण यायला हवं. काट्यावरचा मुलगा हमखास विचारतो, ‘काका, अख्खी गाडी वर घ्या ना, अर्धी कशाला?’ त्याला सांगावं की मला अर्धीच हवी आहे. एक लक्षात ठेवा, ट्रकसाठीचा ६० टनी काटा साधारण १० किलोच्या पायरीने बोलतो. त्यावर एकट्या प्लायचं वजन करायला जाऊ नका; ते भंगारवाल्याच्या काट्यावर करा.

पुढचा-मागचा भार वेगळा का मोजायचा? ईकोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २,३५० मिलिमीटर अंतर आहे. समजा, १०० किलोची पेटी मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे हातभर, म्हणजे ४७ सेंटिमीटरवर ठेवली. मागच्या चाकांवर १०० नाही, १२० किलो भार येतो, आणि पुढची चाकं २० किलोने हलकी होतात. लहान मुलांच्या सी-सॉचा नियम आहे, दुसरं काही नाही. पण पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं, पावसात ब्रेक मारताना पुढचा टायर रस्ता नीट धरत नाही आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागचं दार उघडलं की हाताशी यावं म्हणून लोक जड सामान नेमकं दाराशी ठेवतात. माझी वजनं पुढच्या सीटच्या लगेच मागे, जमिनीवर एका ओळीत असतात. काढताना वाकावं लागतं, बाजूच्या सरकत्या दारातून हात घालावा लागतो. चालतं.

वजनं नुसती ठेवूनही भागत नाही. प्रमाण वजन घासलं, त्याचा टवका उडाला तर ते प्रमाण राहत नाही, त्यामुळे लोखंडावर लोखंड चालत नाही. तळाला १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय, वर रबर मॅट, आणि वजनं बसतील असे सागवानी पट्ट्यांचे चौकटीतले खण. पुढे आडवी पट्टी, वरून रॅचेटचा पट्टा. पट्टा ज्या कडीत अडकतो, ती कडी प्लायला स्क्रूने लावून उपयोग नाही. तिचा बोल्ट गाडीच्या पत्र्याच्या आरपार जाऊन खाली मोठ्या वॉशरवर बसला पाहिजे. जोराचा ब्रेक मारला तरी २० किलोचं वजन १४-१५ किलोच्या जोराने पुढे ढकललं जातं. धडक बसली तर ही ओढ वजनाच्या वीस-वीस पट होऊ शकते, आणि वजनांच्या पुढे, सीटवर बसलेले आपणच असतो. आणि हो, जमिनीत भोक पाडण्याआधी गाडीखाली शिरून बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंगचा जुडगा, सीएनजी असेल तर तिची नळी, सगळं तिथेच असतं. कंपनीने पाडलेलं पेचाचं भोक सापडलं तर ड्रिलला हातही लावू नका.

इथेच माझा एकमेव हट्ट सांगून टाकतो. गाडीत जे लावायचं ते नटबोल्टने लावायचं, नटबोल्टने निघालं पाहिजे. वेल्डिंग नको, पत्रा कापणं नको. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की आरसीवर लिहिलेलं वर्णन बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. २०१९च्या जानेवारीत केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मंजूर संच बसवायला वाट ठेवली आहे, पण विनापरवानगी फेरफार केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. व्यवहारात माझा हिशेब सोपा आहे. बोल्टने बसलेलं फडताळ म्हणजे आतलं सामान. वेल्डिंग केलं की त्याची बॉडी झाली. कायदा बाजूला ठेवला तरी वेल्डिंगने आजूबाजूचा रंग आणि आतला जस्ताचा लेप जळतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात बरोबर तिथूनच गंज फुटतो. टपावर शिडी बांधणाऱ्या एसीवाल्या मित्रांनाही एक सूचना. माल गाडीच्या बाहेर, पुढे, मागे, बाजूला किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर दंड २०,००० रुपये आहे. घडीची शिडी त्याहून बरीच स्वस्त मिळते.

सरकता दरवाजा हे या गाड्यांचं खरं दुखणं. दिवसभरात तो इतक्या वेळा उघडतो की इंजिनाआधी तोच म्हातारा होतो. दार तीन रोलरवर चालतं. एक वरच्या पन्हळीत, एक बाहेरच्या बाजूच्या रुळात, एक खाली पायरीपाशी. दार ओढताना खरखर आली की लोक रुळात बोट भरून ग्रीस कोंबतात. रबाळ्याच्या धुळीत ते ग्रीस चार दिवसांत घासकागद होतं आणि रोलर आणखी झिजतो. आधी रूळ जुन्या टूथब्रशने आणि कापडाने कोरडा करायचा, मग सिलिकॉनचा फवारा, आणि ग्रीस फक्त रोलरच्या बेअरिंगपुरतं.

दार बंद होताना मागची कड खाली बसत असेल, हँडल उचलून ढकलावं लागत असेल, तर बहुतेक वेळा मधला रोलर गेलेला असतो. तो घरी बदलता येतो, फक्त दोन माणसं हवीत. दार अर्धं उघडून त्याच्या खालच्या कडेला लाकडाचा ठोकळा आणि जुनी मॅट घालून दाराचा भार ठोकळ्यावर घ्यायचा. रोलरची पट्टी दाराला जिथे बसलीय, तिथे तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची. ही रेघ विसरू नका, कारण पट्टीची भोकं लांबट असतात आणि मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की दार लागत नाही. जुना रोलर काढा, नवा त्याच रेघेवर बसवा, बोल्ट आधी हातानेच आवळा. दार हळूच बंद करून चहूबाजूंची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड सगळीकडून सारखं सरकलं पाहिजे. मग पाना लावा. फट सारखी असूनही दार आपटावं लागत असेल तर दोष रोलरचा नाही, खांबावरच्या खिट्टीचा.

विजेचं काम बघायला सोपं वाटतं आणि गाड्या त्यानेच पेटतात. मला मागे उजेड हवा होता, कारण काट्याच्या सर्किटवरचे आकडे अंधारात दिसत नाहीत. १० वॉटचे दोन एलईडी. १२ व्होल्टला २० वॉट म्हणजे पावणेदोन अँपिअरही नाही. दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर घेतली, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज बसवला. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपाशी हवा. दिव्यापाशी लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते, आणि ती कुठे घासून पत्र्याला टेकली तर ठिणगी तिथेच. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी ठिकाणी स्लीव्ह. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही. लग दाबायचा आणि वर हीटश्रिंक चढवायची. टेपचा डिंक मे महिन्यात वितळतोच. काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं.

यापुढे लोक विचारतात, ‘इन्व्हर्टर लावू का?’ लॅपटॉप चार्ज करायचा असेल तर लावा. ६५ वॉटचा चार्जर इन्व्हर्टरमधली गळती धरून सहा-साडेसहा अँपिअर घेतो. पण चार इंची ग्राइंडर सहाशे-सातशे वॉट मागतो, म्हणजे बॅटरीकडून पन्नास-साठ अँपिअर. छोट्या गाडीच्या बॅटरीला आणि अल्टरनेटरला हे झेपायचं नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारी हत्यारं घ्या आणि घरी चार्ज करून आणा. एक साधा मल्टिमीटर मात्र गाडीत असू द्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवं. कमी असेल तर बॅटरीवाल्याकडे जाण्याआधी अल्टरनेटरचा बेल्ट आणि टर्मिनल बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जाते. नंतर कोरडं करून वर व्हॅसलिन. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मीटर, फ्यूज, लग सगळं एका फेरीत मिळतं, आणि पाने घ्यायचे तर नागदेवी स्ट्रीट. ठाण्याला लोकल बदलून जायचं, स्वतःची गाडी तिकडे नेण्याच्या फंदात पडू नये.

पावसाळा म्हणजे इथे दोन-अडीच हजार मिलिमीटर पाणी, खाडीचा खारा वारा आणि कारखान्यांची हवा. गंज बाहेरून दिसतो तोवर आत बराच पुढे गेलेला असतो. मे महिन्यात मी फडताळ, प्लाय, मॅट सगळं बाहेर काढतो. मॅटखाली ओल धरलेली असेल तर पत्र्यावर बोटाच्या टोकाएवढे तपकिरी फुगवटे दिसतात. तारेच्या ब्रशने ते फोडायचे, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं, मग २२०ने कडा मऊ करायच्या. धुऊन, पूर्ण वाळवून, गंजरोधक द्रावण, प्रायमर, मग रंग. वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तिथेच लोक घाई करतात. खालून डांबरी कोटिंग मारून घेणाऱ्यांनीही आधी गंज काढावा. गंजावर कोटिंग मारलं तर पाणी आत कोंडून राहतं आणि पत्रा झाकल्या झाकल्या सडतो. दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. तारेने मोकळी केली की दार हलवल्यावर येणारा डुचुकडुचुक आवाज बंद!

बाकीची देखभाल पुस्तकात आहे आणि पुस्तक डॅशबोर्डच्या खणात. हवा सकाळी टायर गार असताना, आणि भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो तो बघून. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. चाक काढलं तर नट आडवेतिडवे आवळा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघा. ऑइल घरी बदलता येतं, पण चेंबरचा नट सोडायला गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, घोडी लावा. काढलेलं ऑइल गटारात ओतणाऱ्याला माझ्या गल्लीत मी तोंडावर शिव्या देतो. इथले नाले ठाणे खाडीला जातात. तिथे २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२पासून ते रामसर पाणथळ म्हणून नोंदलंय. जुन्या डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये रिकामं करायला कितीसा वेळ लागतो?

ब्रेकचे लायनर, स्टिअरिंग आणि सीएनजी यांना मी हात लावत नाही. हौसेपोटीही नाही. सीएनजीवाल्यांनी टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करून घ्यावी, आणि फडताळ करताना टाकी बंद कपाटात कोंडू नये. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे आणि गळालेला वायू बाहेर जायला वाट पाहिजे. तसंच ‘मागे एक पाटा वाढवून देतो, बिनधास्त भरा’ म्हणणारे भेटतात. पाटा वाढला तरी ब्रेक, टायर आणि हबचं बेअरिंग तेच राहतं. आरसीवरचा आकडाही तोच.

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दर वर्षी. मी पासिंगच्या आदल्या रविवारी गाडी रिकामी करतो. लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, पुढची पांढरी आणि मागची लाल रेडियम पट्टी, पीयूसी, विम्याचा कागद. फडताळ आणि प्लाय गाळ्यात उतरवून ठेवतो, त्या निमित्ताने खालचा पत्राही बघून होतो. उतरवायला दोन माणसं आणि १३ नंबरचा पाना लागतो, आणि चहा येईपर्यंत काम आटोपतं.